घराखालची जमीन

स्वयंसेवी संस्थांकडे संशयाने पाहण्याची डाव्या चळवळीची सवय अकारण जडलेली नाही. १९८०च्या दशकात देशभर अशा संस्थांचे पेव फुटले. त्यांतील कित्येकांच्या पाठीशी परदेशी पैसा होता आणि वर्गलढ्याला फाटा देणाऱ्या ‘राजकारणविरहित’ विकासाची भाषा त्यांच्या तोंडी होती. १९८४ साली ‘द मार्क्सिस्ट’ या त्रैमासिकात प्रकाश करात यांनी या संस्थांची चिकित्सा करणारा लेख लिहिला. साम्राज्यवादी डावपेचांचे एक अंग म्हणून त्यांच्याकडे पाहणारी ती मांडणी होती आणि तिचे पडसाद पुढे कित्येक वर्षे उमटत राहिले. ही चर्चा ऐन भरात असतानाच, १९८५ साली, केरळातील त्रिशूर येथे स्वस्त घरबांधणीचे काम करणारी एक ना-नफा संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत अग्रभागी होते कम्युनिस्ट पक्षाचे ज्येष्ठ नेते व केरळचे माजी मुख्यमंत्री कॉ. सी. अच्युत मेनन.

१९५७ च्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात जो अर्थमंत्री होता, मधला अल्पकाळ वगळता १९६९ च्या नोव्हेंबरपासून १९७७ च्या मार्चपर्यंत ज्याने मुख्यमंत्रिपद सांभाळले, त्या माणसाला सत्तरी ओलांडल्यावर विटा-चुन्याची संस्था काढण्याची गरज का वाटावी? राज्ययंत्र हाती असताना जे झाले नाही, ते सोसायटीच्या नोंदणीपत्रावर होईल अशी भाबडी आशा त्यांना होती काय? की कम्युनिस्टाने आयुष्याच्या अखेरीस परोपकाराच्या सुखद वाटेला लागावे, असा हा प्रकार होता? आणीबाणीच्या काळातील त्यांच्या कारभाराचे मूल्यमापन हा निराळा विषय आहे, आणि ते कठोरपणेच झाले पाहिजे. पण या संस्थेविषयीचा प्रश्न त्याखाली झाकून टाकता येत नाही.

संस्थेचे नाव ‘सेंटर ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी फॉर रूरल डेव्हलपमेंट’. पण सर्वत्र ती ‘कॉस्टफर्ड’ या आद्याक्षरी नावानेच ओळखली जाते. अच्युत मेनन यांच्याखेरीज अर्थशास्त्रज्ञ डॉ. के. एन. राज, वास्तुशिल्पी लॉरी बेकर आणि त्रिशूरचे सामाजिक कार्यकर्ते टी. आर. चंद्रदत्त असे तिचे संस्थापक. एक राजकारणी, एक अर्थशास्त्रज्ञ, एक घर बांधणारा आणि एक संघटक, अशी ही चौकडी. तिच्या कामाचे कौतुक करणारे लेख पुष्कळ निघाले आहेत. परंतु त्यांतील बहुतेक बेकर यांच्या विटांच्या जाळ्यांपाशी आणि कमानींपाशीच रेंगाळतात. त्या भिंतींखाली जी जमीन आहे, ती कोठून आली, हे विचारण्याचे त्यांना सुचत नाही.

घराचा प्रश्न मार्क्सवाद्यांना नवा नाही. १८७२-७३ मध्ये लाइपझिगच्या ‘फोल्क्सश्टाट’ पत्रातील लेखमालेत एंगल्सने प्रूदाँच्या अनुयायांची आणि परोपकारी भांडवलदारांची याच विषयावर झडती घेतली होती. कामगाराला चिमुकल्या घराचा मालक करून सोडले की त्याचा प्रश्न सुटेल, हा भ्रम त्याने खोडून काढला. असे घर कामगाराला एका जागी आणि एकाच मालकाच्या दाराशी बांधून ठेवते, घरभाडे वाचते त्या मानाने मजुरीच खाली येते, आणि घरटंचाई ही भांडवली उत्पादनपद्धतीची उपज असल्यामुळे ती पद्धती शाबूत ठेवून टंचाई तेवढी नाहीशी होणार नाही, असे त्याचे प्रतिपादन. हे विवेचन आजही खोडता येणारे नाही. पण पोथी पुढे ठेवून केरळच्या खेड्यात गेले, की एक अडचण समोर येते. तेथील शेतमजूर घराचा मालक असल्यामुळे बांधला गेलेला नव्हता. मालक नसल्यामुळेच तो बांधला गेला होता.

मल्याळम भाषेत त्याला ‘कुडिकिडप्पुकारन’ म्हणत. जमीनदाराच्या नारळाच्या बागेत किंवा भातखाचराच्या कडेला, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपडीत त्याचे कुटुंब राही. झोपडी त्याच्या हातची. पण तिच्याखालची वीतभर भुई जमीनदाराची. मजुरीविषयी ब्र काढला, बायकोला मालकाच्या घरी कामाला पाठविण्यास नकार दिला, सभेला गेला, की झोपडी मोडून वाटेला लागायचे. तेव्हा येथे घराचा प्रश्न हा प्रथमतः निवाऱ्याचा नव्हताच. तो वेठीचा प्रश्न होता.

५ एप्रिल १९५७ रोजी शपथविधी झाल्यावर सहाच दिवसांनी नंबुद्रिपाद मंत्रिमंडळाने कुळांना व झोपडीवासीयांना हुसकावून लावण्यास मनाई करणारा वटहुकूम काढला, त्याचे कारण हेच. ते मंत्रिमंडळ १९५९ मध्ये बरखास्त झाले आणि मूळ कायद्याची वाटही न्यायालयांत व दिल्लीत अडविली गेली. पुढे १९६७ च्या संयुक्त आघाडी सरकारने दुरुस्ती कायदा विधानसभेत संमत करून घेतला. महसूलमंत्री या नात्याने के. आर. गौरी यांचा त्यात मोठा वाटा होता. १ जानेवारी १९७० पासून तो अमलात आला, तेव्हा मुख्यमंत्रिपदी अच्युत मेनन होते. श्रेय कोणाचे, यावर दोन्ही कम्युनिस्ट पक्षांत बराच काळ कटू वाद चालला. विधेयक एकाने आणले, अंमल दुसऱ्याने केला, आणि बाहेर शेतमजुरांनी झोपडीभोवतीच्या जागेला स्वतः कुंपणे घातली नसती तर दोन्ही कागदावरच राहिले असते, एवढे म्हटल्यास कोणावरही अन्याय होऊ नये.

या कायद्याने झोपडीवासीयाला झोपडीभोवतीची जागा नाममात्र किमतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला : ग्रामपंचायतीच्या हद्दीत १० सेंट, नगरपालिकेत ५ आणि महानगरात ३. मराठी वाचकाला हे माप परके वाटेल. १०० सेंटचा एकर आणि ४० गुंठ्यांचा एकर हे लक्षात घेतले, म्हणजे १० सेंट म्हणजे बरोबर चार गुंठे. चार गुंठ्यांत दोन माड, एक फणस, चार केळी, एखादी शेळी आणि झोपडी मावते. यावर कोणी श्रीमंत होत नाही. पण संध्याकाळी मालकाचा मुकादम दाराशी येऊन ‘उद्यापासून इथे दिसायचे नाही’ असे म्हणू शकत नाही. केरळातील शेतमजुराची मजुरी देशातील इतर प्रांतांहून वर का गेली, याचे उत्तर शोधणाऱ्यांनी या चार गुंठ्यांपासून आरंभ करावा.

लाख घरांचा प्रयोग

ज्यांच्या नावे झोपडीही नव्हती ते मात्र उरलेच. त्यांच्यासाठी १९७२ साली ‘लक्षम वीडु’, म्हणजे लाख घरे, ही योजना निघाली. तिचे कर्ते होते अच्युत मेनन मंत्रिमंडळातील गृहनिर्माणमंत्री कॉ. एम. एन. गोविंदन नायर. प्रत्येक पंचायतीत सुमारे शंभर घरे, जागा सरकारने द्यायची, घर भूमिहीन शेतमजुराला, आणि बांधकामात विद्यार्थी, तरुण व स्वयंसेवक यांचे श्रमदान, अशी तिची आखणी. भूमिहीनांच्या घरांची एवढी मोठी मोहीम एखाद्या राज्याने हाती घ्यावी, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

लाखाचा आकडा गाठला गेला नाही. हजारो घरे झाली, आणि त्यांपैकी पुष्कळ लवकरच मोडकळीस आली. खर्च वाचविण्यासाठी एका भिंतीच्या दोन बाजूंस दोन कुटुंबे अशी जोडघरे बांधली होती. एकाने छप्पर काढून नवे घालायचे म्हटले की दुसऱ्याचे उघडे पडे. वस्त्या गावाच्या एका टोकाला, टेकडीच्या उतारावर किंवा पाणथळ जागी. कारण फुकटात मिळणारी जमीन तशीच असते. राहणारे बहुसंख्य दलित आणि भूमिहीन. परिणामी ‘कॉलनी’ हा शब्दच केरळात जातीचा व दारिद्र्याचा शिक्का होऊन बसला. २०२४ च्या जूनमध्ये राज्य सरकारला आदेश काढून अनुसूचित जातींच्या वस्त्यांच्या नावांतून तो शब्द वगळावा लागला, यावरून तो शिक्का किती खोल उमटला होता ते दिसते.

कॉस्टफर्डचे मूळ या अनुभवात पाहिले पाहिजे. जमिनीचा कायदा झाला होता, सरकारची इच्छाही होती. तरीही घर बांधायचे कसे, कशाचे, कोणाच्या हातून आणि कोणाला विचारून, हे प्रश्न सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरपत्रकावर सोडून दिले की काय होते, ते लाख घरांनी दाखविले. सत्तेवरून उतरल्यानंतर त्रिशूरला परतलेल्या अच्युत मेनन यांच्यापुढे अपुऱ्या राहिलेल्या कामाची ही बाकी होती. संस्था काढून त्यांनी राजकारणाकडे पाठ फिरविली असे म्हणणे म्हणूनच वरवरचे ठरते.

बेकर यांची आणि त्यांची गाठ जुनी. लॉरी बेकर १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मले. क्वेकर पंथीय असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात बंदूक न उचलता ते रुग्णसेवा पथकातून चीनमध्ये गेले. परतताना मुंबईत बोटीची वाट पाहत असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. घरासाठीचे साहित्य पाच मैलांच्या परिसरातच मिळाले पाहिजे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. पुढे ते भारतात आले, कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयांसाठी काम केले, पत्नी डॉ. एलिझाबेथ यांच्यासह पिठोरागढच्या डोंगरात पंधरा वर्षे काढली आणि १९६३ नंतर केरळात स्थायिक झाले. १९७० च्या सुमारास तिरुवनंतपुरममध्ये ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ ही संशोधनसंस्था निघाली, तेव्हा के. एन. राज यांनी तिच्या इमारतींचे काम त्यांच्यावर सोपविले. मुख्यमंत्री अच्युत मेनन यांचा त्याला पाठिंबा होता. उळ्ळूरच्या टेकडीवरचा, विटांच्या जाळ्यांतून वारा खेळविणारा तो परिसर अनेक कार्यकर्त्यांनी पाहिला असेल. १९७० च्या दशकाच्या मध्यास पून्तुरा येथील मच्छीमारांसाठी त्यांनी वस्ती बांधली. तेथे घरे सरळ रांगेत न ठेवता मागेपुढे सरकविली. त्यामुळे समुद्राचा वारा मागच्या घरापर्यंत पोहोचला आणि जाळी वाळविण्यास अंगण मिळाले.

रुपया कोठे जातो

स्वस्त घराचे बेकर यांचे तंत्र सुतार-गवंड्याला दहा मिनिटांत समजावून सांगता येते, हीच त्याची थोरवी. भिंतीत विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या रचायच्या. आत उंदराच्या सापळ्यासारखी पोकळी राहते. म्हणून इंग्रजीत त्या रचनेला ‘रॅट ट्रॅप बाँड’ असे नाव. भिंतीची रुंदी तेवढीच, पण विटा साधारण एक चतुर्थांश कमी लागतात, आणि मधल्या हवेमुळे ऊनही आत कमी येते. विटा नीट रचल्या तर गिलाव्याची गरज नाही. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ताण सोसण्याच्या कामी येत नाही, तो भार सळई सोसते; तेव्हा त्या जागी सिमेंटऐवजी टाकाऊ मंगलोरी कौले भरायची. खिडकीला चौकट व गजांऐवजी विटांचीच जाळी. दारावर लिंटेलऐवजी कमान. जेथे जमेल तेथे सिमेंटऐवजी चुना. या साऱ्या गोष्टी त्यांनी स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या रेखाटनांनी सजवून लहान पुस्तिकांतून मांडल्या. घरबांधणीचा खर्च कसा कमी करावा, यावरची त्यांची पुस्तिका १९८६ साली कॉस्टफर्डनेच काढली.

वर्गीय दृष्टीने पाहता या तंत्राचा खरा अर्थ काटकसरीत नाही. काटकसरीचा उपदेश गरिबांना सगळेच करतात. सिमेंट आणि पोलाद कमी झाले, म्हणजे घराच्या खर्चातील कारखानदाराचा व दलालाचा वाटा कमी झाला. विटा रचणे, जाळी विणणे, कमान धरणे यांचे काम वाढले, म्हणजे गवंडी, वीटकामगार आणि मजूर यांचा वाटा वाढला. घरावर खर्चलेला रुपया गावाबाहेर किती जातो आणि गावात किती फिरतो, हा प्रश्न के. एन. राज यांच्यासारख्या रोजगाराचा विचार करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला या कामाकडे ओढणारा होता. त्या काळी सिमेंट नियंत्रणाखाली होते. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले, पूर्णपणे उठायला १९८९ उजाडले. परवान्याच्या गोणीवर काय काय पिकते, हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. सिमेंटवाटपाच्या प्रकरणी उच्च न्यायालयाचा निकाल लागून जानेवारी १९८२ मध्ये तेथे मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते.

आणखी एक कुलूप या पद्धतीने उघडले. वास्तुशिल्पी आणि ठेकेदार यांची कमाई बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर ठरते, म्हणजे खर्च वाढविण्यातच त्यांचे हित. कॉस्टफर्डने आराखडा आणि प्रत्यक्ष बांधणी दोन्ही आपल्याकडे घेतली, तरुण अभियंत्यांना मजुरांबरोबर कामावर उभे केले, गवंड्यांना शिकविले. ठेकेदार मधून निघाला. सरकारी अभियंत्यांनी अर्थातच नाके मुरडली. दरपत्रकात नसलेली भिंत त्यांच्या लेखी भिंतच नव्हती.

पण या कामाची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात हशील नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून आखाती देशांतील पैसा केरळात येऊ लागला आणि गावोगाव रंगीत काँक्रीटचे बंगले उठले. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या मजुराला गिलावा नसलेली लाल भिंत ‘स्वस्त’ दिसे, आणि स्वस्त म्हणजे हलकी. सुशिक्षित मध्यमवर्गाने मात्र याच लाल भिंतीला सुरुचीचे प्रमाणपत्र मानून डोक्यावर घेतले. ज्यांच्यासाठी तंत्र निघाले त्यांनी ते नाकारावे आणि ज्यांना परवडत होते त्यांनी ते मिरवावे, असा विपर्यास बेकर यांच्या हयातीतच घडू लागला होता. याचा दोष मजुराच्या ‘अज्ञानाला’ देणारे लोक स्वतः गिलावा केलेल्या घरांत राहतात. मजुराचे म्हणणे साधे होते : श्रीमंताचे घर ज्याचे बनते, त्याचेच माझेही बनावे. समतेच्या या मागणीला वीट-चुन्याच्या गणिताने उत्तर देता येत नाही. शिवाय ही पद्धती कुशल हात आणि सततची देखरेख मागते. एक संस्था हजारो घरे बांधू शकते, लाखोंची गरज एकटी भागवू शकत नाही.

तेव्हा मार्ग राज्ययंत्रातूनच जाणार होता, आणि झालेही तसेच. १९८० च्या दशकाच्या मध्यास कोल्लम येथे जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने पहिले ‘निर्मिती केंद्र’ निघाले, त्यात याच तंत्रांचे शिक्षण मिळू लागले. १९८८ पासून ‘हुडको’मार्फत अशी बांधकाम केंद्रे देशभर काढण्याचा कार्यक्रम आखला गेला. १९९६ मध्ये केरळात जनतेच्या नियोजनाची मोहीम सुरू होऊन राज्याच्या योजना-निधीचा सुमारे तृतीयांशाहून अधिक वाटा स्थानिक संस्थांकडे गेला, तेव्हा पंचायतींना घरे, शाळा, अंगणवाड्या बांधताना कॉस्टफर्डचा हात मिळाला. पुढे तिरुवनंतपुरमच्या करिमडम झोपडवस्तीत, रहिवाशांना शहराबाहेर न हलविता त्याच जागी पक्की घरे बांधण्याचे काम सरकारी योजनेतून तिने केले.

केरळाबाहेर मात्र फरक पडला. केंद्र सरकारने तंत्र उचलले, त्याखालची जमीन उचलली नाही. पोकळ भिंत बिहारात आणि उत्तर प्रदेशातही बांधता येते. पण ज्याच्या नावे चार गुंठे नाहीत, त्याने ती कोणाच्या जागेत बांधावी? २०१५ साली सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत सर्वाधिक मंजुऱ्या झाल्या त्या लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर बांधावयाच्या घरांच्या. म्हणजे अनुदानाच्या रांगेत उभे राहण्यासाठी आधी जमीनमालक असावे लागते. पुलाखाली, रेल्वेच्या कडेला, वीटभट्टीवर आणि उसाच्या फडावर राहणारा माणूस रांगेतच येत नाही.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. कॉ. गोदूताई परुळेकर यांचे नाव दिलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने शहराजवळ कुंभारी येथे दहा हजार घरे उभी केली, त्यांचे हस्तांतरण २००६ मध्ये झाले. येथे बेकर नव्हते आणि जाळीच्या भिंतीही नव्हत्या. लाल बावट्याखालच्या कामगार संघटनेने वर्षानुवर्षे मोर्चे काढून केंद्र व राज्य सरकारांकडून अनुदान मिळविले, स्त्रियांनी आपला हिस्सा जमविला आणि संस्थेच्या नावे जमीन घेतली. त्रिशूरला बांधणीचे शास्त्र आणि कायद्याची पूर्वतयारी होती. सोलापूरला संघटित कामगारांचे बळ. कॉस्टफर्डसारख्या संस्थेची पारख करताना परदेशी पैसा आहे की नाही एवढेच पाहून कार्यकर्त्यांनी थांबू नये. ती कोणत्या लढ्याच्या जमिनीवर उभी आहे, आणि तिचे काम त्या लढ्याकडे परत नेते की त्यापासून दूर, हेही विचारावे.

अच्युत मेनन १६ ऑगस्ट १९९१ रोजी निवर्तले, बेकर १ एप्रिल २००७ रोजी, के. एन. राज २०१० मध्ये आणि चंद्रदत्त २०१८ मध्ये. राज्यात अजूनही जे भूमिहीन व बेघर आहेत, त्यांच्यासाठी केरळ सरकारने २०१६ नंतर ‘लाइफ मिशन’ हाती घेतले. त्यात घर नसलेल्यांची आणि घर व जमीन दोन्ही नसलेल्यांची यादी स्वतंत्र केली आहे. दुसऱ्या यादीतील कुटुंबांना आधी जागा मिळवून द्यावी लागते, मग घराचे काम सुरू होते.